यंत्र वाजते, दगड रिकामा : एलियट लेकच्या युरेनियमचा शोध

१/
साल १९४९. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, ह्युरॉन सरोवराच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या जंगलात, एका उघड्या गंजक्या खडकावर गायगर काउंटर धरला की तो लाह्या फुटाव्यात तसा तडतडू लागे. त्याच खडकाचे तुकडे फोडून प्रयोगशाळेत पाठवले की उत्तर येई : युरेनियम नगण्य. यंत्र बिघडलेले नव्हते, आणि प्रयोगशाळेचीही चूक नव्हती. या विसंगतीचा उलगडा होण्यास चार वर्षे लागली. तो झाला तेव्हा त्या जंगलाखाली जगातील सर्वांत मोठ्या युरेनियम साठ्यांपैकी एक पसरलेला असल्याचे दिसून आले. आजचा धागा त्या खडकाचा, त्याच्या नमुन्यांचा, आणि ज्यांना कोणी विचारले नाही अशा माणसांचा.

२/
प्रथम काळाची पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धात युरेनियम हा लष्करी पदार्थ ठरला आणि कॅनडा सरकारने त्याचा खाजगी शोध बंद केला. हिरोशिमानंतर मागणी अफाट वाढली, अमेरिकेला हवा तेवढा पुरवठा मिळेना. तेव्हा १९४८ पासून कॅनडाने खाजगी खनिजशोधकांना पुन्हा दार उघडले आणि किमान भावाची हमीही दिली. विकत घेणारी संस्था एकच : एल्डोरॅडो ही सरकारी कंपनी. गिऱ्हाईक ठरलेले, भाव ठरलेला, फक्त माल सापडायचा बाकी, अशी ती विलक्षण बाजारपेठ होती.

३/
परिणाम अपेक्षित तोच झाला. सोने-तांबे शोधत आयुष्य काढलेली माणसे, आणि ज्यांनी कधी हातात हातोडी धरली नव्हती असे कारकून-दुकानदारही, गायगर काउंटर विकत घेऊन जंगलात शिरले. १९४८ मध्येच सुपीरियर सरोवराकाठच्या थिआनो पॉइंट येथे रॉबर्ट कॅम्पबेल याला पिचब्लेंड हे युरेनियमचे खनिज सापडल्याची बातमी फुटली. गंमत अशी, की याच किनाऱ्यावरील युरेनियमयुक्त दगडाची नोंद जॉन लकाँत या अमेरिकी वैज्ञानिकाने शंभर वर्षांपूर्वी, १८४७ मध्ये, छापून ठेवली होती. तेव्हा युरेनियमला काच रंगवण्यापलीकडे फारसा उपयोग नव्हता, म्हणून ती कोणी मनावर घेतली नव्हती.

४/
त्या धामधुमीत एमे ब्रेटन आणि कार्ल गुंटरमन ही जोडी कामाला लागली. सू सेंट मरी या गावी खाण-नोंदणी कचेरी होती. तेथे वर्षानुवर्षे लोकांनी आणून टाकलेले दगड पडलेले असत. त्या दगडांवर काउंटर फिरवताना एक तुकडा वाजला. त्याचे मूळ ठिकाण शोधत दोघे पूर्वेकडे लाँग टाउनशिपच्या जंगलात पोचले आणि तिथल्या जमिनीवर त्यांनी खाणहक्क नोंदवले. म्हणजे या साऱ्या प्रकरणाची सुरुवात कचेरीतल्या धूळ खात पडलेल्या दगडाने झाली. अभिलेखागारात काम करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

५/
इथे फ्रँक जूबिन येतो. जन्म १९११, सॅन फ्रान्सिस्को. बालपण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र आणि भूविज्ञान अशा दोन्ही विषयांचे शिक्षण. नंतर सोन्याच्या खाणींसाठी भूवैज्ञानिक म्हणून नोकरी. १९४९ मध्ये त्याने लाँग टाउनशिपचा हा खडक पाहिला, काउंटर वाजताना ऐकला, नमुने घेतले. निकाल वर सांगितलाच आहे. इतरांनीही नमुने घेतले, त्यांनाही तेच उत्तर मिळाले. ‘थोरियम असेल’ असे म्हणून बहुतेकांनी विषय संपवला. खाणहक्कांची मुदत सरली, जमीन पुन्हा मोकळी झाली.

६/
‘थोरियम असेल’ हा आक्षेप समजून घेण्यासाठी गायगर काउंटर नेमके काय मोजतो ते पाहावे लागते. हे यंत्र युरेनियम ओळखत नाही. किरणोत्सर्गाचा एकेक कण नळीत शिरला की ते एक ठोका देते, इतकेच. तो कण युरेनियमच्या वंशातला, थोरियमच्या वंशातला की आणखी कशाचा, याची यंत्राला जाण नसते. थोरियमला त्या काळी जवळजवळ गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे वाजणारा पण युरेनियम न देणारा दगड म्हणजे थोरियम, हे अनुमान व्यवहारात सहसा बरोबर ठरे.

७/
त्याहून बारीक गोष्ट पुढे आहे. युरेनियम स्वतः जे कण सोडते ते कागदाच्या कपट्यानेही अडतात. खडकावर धरलेल्या काउंटरमध्ये जी तडतड ऐकू येते, ती बहुतांशी युरेनियमच्या ‘संततीची’ असते. युरेनियम क्षय पावत थोरियमचे एक समस्थानिक बनते, त्यापासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन, आणि पुढे शिसे-बिस्मथाची अल्पायुषी रूपे. आवाज करतात ती ही शेवटची मुले. बाप घर सोडून गेला, तरी मुले मागे राहिली असतील तर यंत्र वाजतच राहील. जूबिनच्या कोड्याचे उत्तर ह्याच वाक्यात होते. पण बाप घर सोडून का गेला, हे कळायला रसायनशास्त्र लागले.

८/
तो खडक म्हणजे पिंडाश्म : प्राचीन नदीतले क्वार्ट्‌झचे पांढरे गोटे आणि त्यांच्यामध्ये दडपलेली वाळू, हे सारे दगड होऊन गेलेले. त्या वाळूत पायराइट विपुल होते. सोन्यासारखे चमकणारे, लोह आणि गंधक यांचे हे खनिज ‘मूर्खांचे सोने’ म्हणून प्रसिद्ध आहे. पायराइटला हवा आणि पावसाचे पाणी मिळाले की त्याचा गंज होतो आणि सोबत गंधकाम्ल तयार होते. खडकाचा गंजका तांबूस रंग त्याचाच. हे आम्ल युरेनियम विरघळवते आणि पाण्याबरोबर वाहून नेते. परंतु थोरियम जागचे फारसे हलत नाही, आणि रेडियमचे सल्फेट तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे बाप गेला, मुले राहिली.

९/
असे असेल तर पृष्ठभागावरचा प्रत्येक नमुना, तो कितीही काळजीपूर्वक घेतलेला असो, खोटाच ठरणार. खरा खडक पाहायचा तर जिथे पाऊस आणि हवा पोचली नाही तिथपर्यंत खाली जावे लागेल. जूबिनचा हा तर्क होता. त्याच्या मनात आणखी एक दाखला होता : दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी. तेथील सोने अशाच गोट्यांच्या खडकात आहे, आणि त्याच खडकातून युरेनियमही मिळते, हे युद्धानंतर स्पष्ट झाले होते. १९५२ मध्ये तिथे त्याचे उत्पादन सुरूही झाले. ह्युरॉनकाठचा गोट्यांचा खडक आणि आफ्रिकेतला गोट्यांचा खडक सख्ख्या भावांसारखे दिसत होते.

१०/
मात्र तर्काने ड्रिल चालत नाही. डायमंड ड्रिल म्हणजे टोकाला औद्योगिक हिऱ्यांचे कण बसवलेली पोकळ नळी. ती फिरत खाली जाते आणि आत दगडाचा लांबट दांडा, ज्याला ‘कोअर’ म्हणतात, तो अखंड वर येतो. हे काम फुटाच्या हिशेबाने पैसे मागते. पृष्ठभागावर ज्या जागेने ‘नाही’ असे लेखी उत्तर दिले आहे, तिथे भोके पाडायला पैसे देणारा माणूस सापडणे कठीण होते. जूबिनने बऱ्याच जणांपुढे हा विषय मांडला. नकार देणाऱ्यांना मूर्ख म्हणण्याचे कारण नाही; त्यांच्या हाती जो पुरावा होता, त्यावरून नकार हाच शहाणपणाचा निर्णय होता.

११/
होकार देणारा माणूस भूवैज्ञानिक नव्हता, खाणमालक घराण्यातलाही नव्हता. जोसेफ हर्शहॉर्न, जन्म १८९९, लॅटव्हिया. तेरा भावंडांत बारावा. लहानपणीच आईबरोबर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आलेला. पोरवयात वॉल स्ट्रीटवर शिरला, १९२९ च्या महापतनाच्या थोडेच आधी शेअर विकून मोकळा झाला, आणि १९३० च्या दशकात टोरांटोच्या खाण-शेअर बाजारात उतरला. त्याच्याविषयी तिथे सगळेच चांगले बोलत असे नाही. पण जुगार कुठे लावायचा याची त्याला नजर होती, आणि जूबिन त्याच्याच सल्लागार कंपनीचा कारभार पाहत होता. हर्शहॉर्नने ३०,००० डॉलर दिले.

१२/
एप्रिल १९५३ मध्ये लाँग टाउनशिपात ड्रिल लागले. बर्फ पुरते वितळलेले नव्हते.

१३/
कोअर वर आला की काय करतात, हे थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण खनिजशोधाचा सारा विश्वास याच कामावर उभा असतो. दांडे क्रमाने लाकडी पेट्यांत मांडतात, प्रत्येकाशेजारी खोली लिहितात. भूवैज्ञानिक इंच-इंच पाहून नोंद करतो : इथे क्वार्टझाइट, इथे गोटे सुरू, इथे पायराइट दाट. मग निवडलेला दांडा उभा चिरतात. अर्धा भाग कुटून, दळून परीक्षणाला जातो. उरलेला अर्धा पेटीतच राहतो, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर तो पुन्हा तपासता यावा.

१४/
हा अर्धा दांडा मागे ठेवण्याचा नियम किती मोलाचा, हे कॅनडालाच चाळीस वर्षांनी कळले. ब्रे-एक्स या कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांग येथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचे जाहीर केले होते. १९९७ मध्ये उघड झाले की दळलेल्या नमुन्यांत बाहेरून सोन्याची भुकटी मिसळली जात होती. त्या कंपनीने कोअर चिरून अर्धा राखण्याऐवजी पूर्ण दळून टाकण्याची पद्धत ठेवली होती. ताडून पाहायला मूळ दगडच शिल्लक नव्हता.

१५/
लाँग टाउनशिपातून ५६ नमुने परीक्षणाला गेले. त्यांतील ५० नमुन्यांत युरेनियम निघाले.

पृष्ठभागावर नगण्य, आणि काही फूट खाली भरपूर. टनामागे सुमारे दोन पौंड युरेनियम ऑक्साइड, म्हणजे शेकडा ०.१ च्या आसपास. ऐकायला हे प्रमाण क्षुल्लक वाटते. पण थर सलग असेल, मैलोन्‌मैल चालत असेल, तर एवढ्यावर मोठी खाण उभी राहते. आणि गोट्यांचा हा थर नदीने पसरलेला असल्याने तो सलग असण्याची शक्यता मोठी होती.

१६/
आता या कथेतला असा माणूस, ज्याचे नाव लोकप्रिय आवृत्त्यांत तळटीपेसारखे येते. डब्ल्यू. एच. कॉलिन्स हा कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा अधिकारी. त्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ह्युरॉनच्या उत्तर किनाऱ्याचा प्रदेश पायी आणि होडीतून पालथा घातला. त्याचा अहवाल आणि नकाशे १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. युरेनियम त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. अतिप्राचीन ग्रॅनाइटी पाया कुठे संपतो आणि त्यावर गाळाचे खडक कुठे सुरू होतात, ती सीमारेषा त्याने काढली. गोट्यांचा थर नेमका या सीमेवरच बसलेला असतो.

१७/
जूबिनने कॉलिन्सचा नकाशा पुढ्यात घेतला. खडकांना पडलेल्या प्रचंड घड्यांमुळे ती सीमारेषा सरळ न जाता वळत-उलटत गेली होती. इंग्रजी झेड अक्षरासारखी ती आकृती पुढे ‘बिग झेड’ म्हणून ओळखली गेली. सगळी वळणे धरता तिची लांबी शंभराच्या जवळपास मैल भरे. लाँग टाउनशिपचे ठिकाण या रेषेच्या एका टोकाशी होते. उरलेली सगळी रेषा जंगलात, सरोवरांच्या काठाने, रिकामी पडून होती. त्यावर कोणाचाही खाणहक्क नव्हता.

जूबिनची तीक्ष्ण बुद्धी मान्य करूनही म्हणावे लागते, की ही सरकारी खर्चाने झालेल्या मूलभूत सर्वेक्षणाची फळे होती. अठ्ठावीस वर्षे कोणाच्या खास कामी न आलेला नकाशा एका उन्हाळ्यात कोट्यवधी डॉलरचा ठरला.

१८/
ओंटारियोच्या तत्कालीन खाणकायद्यानुसार परवाना असलेला कोणीही मोकळ्या सरकारी जमिनीत शिरून हक्काची चौकट आखू शके : चार कोपऱ्यांना लाकडी खुंट, मधल्या रेषेवरच्या झाडांना कुऱ्हाडीचे घाव, खुंटांवर नाव, तारीख, वेळ. एक चौकट पाव मैल लांब, पाव मैल रुंद, म्हणजे ४० एकर. मग ठरावीक मुदतीत कचेरीत नोंद. मात्र एका परवान्यावर किती चौकटी घेता येतील याला मर्यादा होती. शंभर मैलांची रेषा व्यापायची, तर शेकडो परवाने आणि बरीच माणसे हवीत, आणि तरीही बातमी फुटता कामा नये.

१९/
यालाच पुढे ‘पाठच्या दाराची आखणी’ असे नाव पडले. १९५३ च्या वसंतात परवाने वेगवेगळ्या कचेऱ्यांतून थोडे थोडे घेतले गेले, म्हणजे एका ठिकाणी गर्दी दिसू नये. माणसे ब्लाइंड रिव्हर या जवळच्या गावातून न नेता उत्तरेकडून, साउथ पॉर्क्युपाइनच्या सोन्याच्या खाणपट्ट्यातून, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानांनी नेली. ऐंशी ते शंभर माणसे. त्यांत भूवैज्ञानिक होते, वकील होते, साधे मजूर होते. अनेकांना आपण काय शोधत आहोत हे पुरते ठाऊक नव्हते. जूनमधल्या काळ्या माश्यांनी त्यांना फोडून काढले असणार; उत्तर ओंटारियोत त्या दिवसांत काम केलेल्या कोणालाही विचारावे.

२०/
जमिनीवर प्रत्येक संघ रेषेवरचा खडक तपासत होता. काउंटर वाजला की खूण, खूण झाली की खुंट. पृष्ठभागावरचे नमुने रिकामे येणार हे आता त्यांना ठाऊक होते. म्हणून युरेनियम किती, हा प्रश्नच कोणी विचारत नव्हते. गोटे आहेत का, पायराइटचा गंज आहे का, आवाज आहे का, या तीन गोष्टी पुरेशा होत्या. चार वर्षांपूर्वी जो निकाल नकार म्हणून वाचला गेला होता, तोच आता पत्ता सांगणारी खूण झाला.

२१/
११ जुलै १९५३ रोजी नोंदणी कचेऱ्यांत कागद सादर झाले : सुमारे १,४०० चौकटी, ५६,००० एकर, म्हणजे जवळपास २२७ चौरस किलोमीटर. बातमी फुटताच खरी झुंबड उडाली, पण बिग झेडचा सर्वांत कसदार काठ आधीच गेलेला होता. उशिरा आलेल्यांतही एक नशीबवान निघाला. स्टीफन रोमन या स्लोव्हाक स्थलांतरिताने काठ सोडून घडीच्या आतल्या बाजूचे, थर खोल गेलेले, म्हणून दुय्यम समजले गेलेले हक्क घेतले. त्यावर उभी राहिलेली डेनिसन खाण पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या युरेनियम खाणींमध्ये गणली गेली.

२२/
पुढची कहाणी झपाट्याची आहे. लाँग टाउनशिपची प्रोंटो खाण १९५५ मध्ये सुरू झाली. जंगलात एलियट लेक हे आखीव गाव वसले आणि काही वर्षांतच लोकसंख्या २५,००० च्या घरात गेली. हर्शहॉर्नने आपला वाटा रिओ टिंटो या ब्रिटिश कंपनीकडे सोपवला आणि त्या संपत्तीतून जमवलेली चित्रे-शिल्पे अमेरिकेला दिली. वॉशिंग्टनमधील त्याच्या नावाचे संग्रहालय १९७४ मध्ये उघडले. अमेरिकेने मात्र नोव्हेंबर १९५९ मध्ये जाहीर केले की चालू करार संपल्यावर पुढची खरेदी करणार नाही. खाणी धडाधड बंद पडल्या, नवी घरे ओस पडली. त्याच सुमारास, जुलै १९६० मध्ये, मुंबईजवळ तुर्भे येथे कॅनडाच्या मदतीने उभारलेली ‘सायरस’ अणुभट्टी कार्यान्वित होत होती. अणुयुगाचा उत्साह ओसरला नव्हता. फक्त बाँबसाठी लागणारा साठा अमेरिकेकडे पुरेसा झाला होता.

२३/
आता ‘मोकळी सरकारी जमीन’ या शब्दांकडे परत. ही जमीन अनिशिनाबे लोकांची. १८५० च्या रॉबिन्सन-ह्युरॉन कराराने ती ब्रिटिश राजसत्तेकडे गेली. करारात वार्षिक रक्कम ठरली, आणि एक कलम असे, की या प्रदेशातून सरकारला तोटा न होता अधिक देता येईल इतके उत्पन्न मिळाले, तर ही रक्कम वाढवली जाईल. १८७५ मध्ये ती माणशी ४ डॉलर झाली. त्यानंतर सडबरीचे निकेल निघाले, जंगले तोडली गेली, एलियट लेकचे युरेनियम निघाले. रक्कम ४ डॉलरच राहिली.

२४/
१९५३ च्या उन्हाळ्यात १,४०० चौकटी आखताना सर्पेंट रिव्हरच्या अनिशिनाबे वस्तीला विचारण्याची कायद्याने गरज नव्हती, आणि कोणी विचारले नाही. चार वर्षांनी खाणी त्यांच्या दारात आल्या, त्या वेगळ्या रूपात. दळलेल्या खडकातून युरेनियम काढण्यासाठी गंधकाम्ल लागते. पावसाने पृष्ठभागावर हजारो वर्षे जे केले, तेच गिरणीत काही तासांत करायचे. त्या आम्लाचा कारखाना १९५७ मध्ये याच वस्तीच्या राखीव जमिनीवर, कटलर येथे उभारला गेला. खरेदी थांबल्यावर तोही काही वर्षांत बंद पडला आणि दूषित जमीन मागे राहिली. खाणींचे सांडपाणी ज्या नदीत उतरत होते, तिच्याच मुखाशी ही वस्ती आहे.

२५/
खाणीत उतरणाऱ्यांनीही किंमत मोजली. क्वार्ट्‌झची धूळ आणि रेडॉन वायू दोन्ही फुप्फुसात जात. १९७४ मध्ये डेनिसनच्या कामगारांनी संघटनेच्या औपचारिक परवानगीविना संप केला. सरकारने जेम्स हॅम यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९७६ च्या अहवालात युरेनियम खाणकामगारांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा लक्षणीय जास्त असल्याचे मान्य झाले. ओंटारियोचा कामगार-सुरक्षेचा १९७८ चा कायदा या अहवालातून घडला. धोकादायक काम नाकारण्याचा अधिकार तिथल्या बहुतेक क्षेत्रांतल्या कामगारांना त्यामुळे मिळाला.

२६/
भूविज्ञानाने मात्र या खडकाकडून आणखी एक गोष्ट शिकून घेतली. हे गोटे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी वाहून आणले. त्यांच्यासोबत युरेनियमच्या खनिजाचे आणि पायराइटचे कणही वाळूसारखे घरंगळत आले. आजच्या नदीत हे शक्य नाही. हवेतला ऑक्सिजन दोन्हींना वाटेतच खाऊन टाकील. म्हणजे त्या काळी हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. पृथ्वीच्या प्राचीन वातावरणाविषयीच्या युक्तिवादांत एलियट लेकचा हा थर म्हणूनच वारंवार पुढे येतो. ऑक्सिजन नव्हता म्हणून साठा जमला, आणि ऑक्सिजन आला म्हणून तो पृष्ठभागावर लपला. जूबिनने कोड्याचा दुसरा अर्धा भाग सोडवला होता. पहिला भाग त्याच्या हाती नव्हता. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मकथनाचे नाव ‘नॉट फॉर गोल्ड अलोन’.

२७/
एलियट लेकची शेवटची खाण, स्टॅनली, १९९६ मध्ये बंद झाली. युरेनियम काढून घेतल्यानंतर उरलेली दळलेली वाळू सुमारे १७ कोटी टन आहे. तीत रेडियम आहे, थोरियम आहे, आणि पायराइटही. मूळ खडकातला बहुतेक किरणोत्सर्ग तिच्यातच राहिला आहे. बाप नेला, मुले मागे ठेवली. ही वाळू उघडी राहिली तर पाऊस आणि हवा मिळून पुन्हा तेच आम्ल तयार करतील. म्हणून तिचा मोठा भाग बांध घालून पाण्याखाली बुडवून ठेवला आहे, म्हणजे ऑक्सिजन तिच्यापर्यंत पोचू नये. त्या बांधांवर आजही देखरेख चालते आणि पाण्याचे नमुने घेतले जातात.

२८/
४ डॉलरच्या कलमावर रॉबिन्सन-ह्युरॉन करारातील एकवीस समाज न्यायालयात गेले. २०२३ मध्ये केंद्र आणि ओंटारियो सरकारने मागील थकबाकीपोटी एकूण १,००० कोटी डॉलर देण्याची तडजोड जाहीर केली. सर्पेंट रिव्हर त्या एकवीसांपैकी एक.